पाळणाघर सातला बंद होतं

जुलै आला की माझ्या टेबलावर नवरा-बायकोंचे 'फॉर्म सोळा', म्हणजे कंपनीनं दिलेले पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले, जोडीनं येऊन पडतात. मी आयकर विवरणपत्रं भरून देते, कोथरूडमध्ये, घराच्याच खालच्या खोलीत. गिऱ्हाईक बहुतेक जुनं. काही जण लग्न ठरायच्या आधीपासून यायचे, आता जोडीनं येतात. त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते मला पगाराच्या आकड्यांतून कळतं, कधीकधी त्यांच्या नातेवाइकांच्याही आधी. एखादं जोडपं घ्या, दोघं एकाच वर्षी हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत नोकरीला लागलेली. पहिल्या चार-पाच वर्षांचे कागद शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा हे नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही. मग एका वर्षी तिचा पगार अर्ध्यावर येतो. पुढच्या वर्षी तिचा फॉर्मच नसतो. "ताई, हिचं यंदा फक्त एफडीचं व्याज," असं तो सांगतो. ती सोबत आलेली नसते, कारण बाळ नुकतंच झोपलेलं असतं.

त्याचा आकडा मात्र त्याच सुमाराला वर सरकतो. नवी कंपनी, नवा पगार, वाकड नाहीतर बाणेरच्या फ्लॅटचं गृहकर्ज. मूल झाल्यावर पुरुष नोकरीला जास्त घट्ट धरतो, हे मला या कागदांतून दिसतं. त्याला हवं असो वा नसो, आता त्याला सोडता येत नाही.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे काही देश नव्हे. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८ च्या एका अहवालात जगभरातून गोळा केलेले आकडे असेच आहेत. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या बायकांपैकी ४७.६ टक्के कामावर होत्या, इतक्या लहान वयाचं मूल नसलेल्या बायकांपैकी ५४.४ टक्के. पुरुषांत चित्र उलटं: लहान मुलांचे बाप ८७.९ टक्के कामावर, इतर पुरुष ७८.२ टक्के. या 'इतर' पुरुषांत शिकणारी पोरं आणि थकलेली माणसंही आली, म्हणून सगळा फरक मुलामुळेच असं मी म्हणणार नाही. तरी एकच मूल घरात येतं आणि दोघांना दोन दिशांना ढकलतं, एवढं दिसतंच.

डेन्मार्कमध्ये अर्थतज्ज्ञ हेनरिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच देशाच्या सरकारी नोंदींवरून तपासलं. पहिलं मूल होईपर्यंत बाईची आणि पुरुषाची कमाई सारख्याच चालीनं जाते. मूल झालं की बाईची रेघ खाली येते, पुरुषाची जिथल्या तिथे राहते. पुढे कित्येक वर्षं गेली तरी बायकांची कमाई सुमारे वीस टक्क्यांनी मागेच राहते. हा डेन्मार्क, बरं का. जिथं सरकारी पाळणाघरं आहेत, बापाला रजा आहे, सासू "आमच्या वेळी" म्हणून सुरू करत नाही. तिथं वीस टक्के.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्याबद्दल थोडं वाचलं. श्रीमंत देशांत बाई-पुरुषांच्या कमाईत आज उरलेली तफावत मुख्यतः पहिल्या मुलापासून सुरू होते, असं त्यांचं काम सांगतं. काही नोकऱ्यांना त्या लोभी म्हणतात. अशा नोकरीत जो कधीही, कितीही वेळ हजर राहतो, त्याला तासाच्या हिशेबानंही जास्त पैसे मिळतात. घरात मूल असलं की दोघांपैकी एकालाच अशी नोकरी परवडते. दुसऱ्यानं मुलासाठी हाकेच्या अंतरावर राहायचं.

हे पुण्यात समजावून सांगावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिकडचा क्लायंट कॉफी पिऊन ताजातवाना होऊन कॉलवर येतो. इकडे ती वेळ वरणभाताची, सांडलवंडीची, आणि मग दिवा बंद करून थोपटायची. संध्याकाळी वाकडच्या पुलावर गाडी किती वेळ अडकेल याचा नेम नसतो, आणि पाळणाघर सातला बंद होतं. रोज अशा तीन घड्याळांचा मेळ घालायचा. त्यात कुणीतरी एकानं "मी साडेपाचला निघते" म्हणायचं असतं. क्रियापदाचं रूप मी विचार करूनच वापरलंय.

माझ्या या खोलीतही पूर्वी पाळणाघर होतं, आईचं. मी झाल्यावर तिनं एका खासगी कंपनीतली टायपिस्टची नोकरी सोडली. मग शेजारच्या दोन मुलांना सांभाळता सांभाळता हे सुरू झालं. नव्वदच्या दशकात तिच्याकडे बँकेतल्या, एलआयसीतल्या, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांची मुलं असायची. सकाळी लुनावर पुढ्यात उभं केलेलं मूल, हँडलला डबा आणि दुपट्यांची पिशवी. संध्याकाळी सहानंतर एकेक आई यायची. पीएमटीची बस चुकली असेल तर धापा टाकत, दारातूनच "काकू, आज फारच उशीर झाला हो," म्हणत. चपला न काढता मूल उचलायच्या आणि निघायच्या. एखाद्या दिवशी मुलाचे बाबा न्यायला आले तर आई त्यांना बसायला सांगायची, चहा विचारायची. रात्री जेवताना आमच्या बाबांना कौतुकानं सांगायची, "आज तिचे मिस्टर आले होते, किती हौसेनं नेलं हो पोराला." रोज येणाऱ्या आयांना तिनं कधी चहा विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांना तरी थांबायला वेळ कुठं होता म्हणा.

आईची एक लांबट वही होती. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन फोन नंबर. पहिला आईच्या ऑफिसचा, दुसरा वडिलांच्या. ताप आला, उलटी झाली, पडून खोक पडली, की पहिला नंबर. दुसऱ्यापर्यंत जायची वेळ क्वचितच यायची. त्याचीही कारणं होती. कुणाचे वडील टेल्कोच्या कारखान्यात शॉपफ्लोअरवर, त्यांना फोनवर बोलावून आणणार कोण? आज सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहे. माझ्या मामेबहिणीच्या मुलाच्या पाळणाघरात नावं ॲपवर घालतात, आणि त्या ॲपवरही पहिला रकाना आईचा आहे. माझ्या मते सगळं गाडं इथं अडलंय. नोकरी बाळंतपणानं जात नाही, बाळंतपण काही महिन्यांचं. नोकरी जाते ती पुढची सहा वर्षं फोन कुणाला येणार हे न बोलता आधीच ठरलेलं असतं म्हणून. ज्याला फोन येतो तो मीटिंगमधून उठतो. जो उठतो त्याला मोठं काम देताना साहेब दोनदा विचार करतो. साहेबीण असली तरी.

जनगणनेचे गुरुजी आले तेव्हा आईनं व्यवसाय 'गृहिणी' सांगितला. घर भरून दुसऱ्यांची मुलं आजूबाजूला रांगत होती, तरी. त्यामुळे बायकांच्या रोजगाराचे आकडे मी जरा जपूनच वाचते. केंद्राच्या श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या बायकांतल्या काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ते ४१.७ टक्के झालं. केवढी वाढ! पण त्यात मोठा भाग ग्रामीण बायकांचा, स्वतःच्या लहानसहान धंद्याचा आणि घरच्या शेतात-दुकानात बिनपगारी राबण्याचा आहे. शहरातल्या बायकांचं प्रमाण त्याच वर्षी २८ टक्के होतं. सरकारनंच २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत पंधरा ते एकोणसाठ वयातल्या ४१ टक्के बायका दिवसात घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्याच्या कामात होत्या, पुरुष २१.४ टक्के. त्या बायकांचा वेळ दिवसाला सुमारे १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. स्वयंपाक, धुणं, केरवारे या १४० मध्ये धरलेले नाहीत.

आता पाळणाघराच्या फीबद्दल. नोकरी सोडायची की नाही हे ठरवायला जोडपी माझ्याकडे येतात. कागद घेऊन बसतात, आणि तो कागद मी इतक्यांदा पाहिलाय की आता पाठ झालाय. वर तिचा पगार. त्यातून वजा पाळणाघर, वजा घरी येणाऱ्या मावशी, वजा रिक्षा, वजा बाहेरून मागवलेलं जेवण. खाली उरलेली रक्कम. "एवढ्यासाठी कशाला जीव काढायचा?" हा प्रश्न बहुतेक वेळा तीच विचारते. हा खर्च त्याच्या पगारातून वजा करून आणलेला कागद माझ्यासमोर अजून तरी आलेला नाही. मूल दोघांचं, कर्ज दोघांच्या नावावर, पाळणाघर मात्र तिच्या खात्यात. मी एकदा दोन्ही पगार एकत्र लिहून त्यातून खर्च वजा करून दाखवला. नवरा म्हणाला, "तेच की, उत्तर तेच येणार." बेरीज तीच येते, खरं आहे. पण कोण 'परवडत नाही' ते बदलतं.

शिवाय तो कागद फक्त चालू वर्षाचा असतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. ती साडेतीन-चारवर उठलेली असते. पीएफखालच्या पेन्शनसाठी दहा वर्षं भरावी लागतात. तिनं घराच्या डाऊन पेमेंटला पीएफ काढून खातंच मोकळं केलेलं असतं. पाच वर्षांनी ती परत जाईल तेव्हा तिच्यासोबत लागलेली माणसं मॅनेजर झालेली असतील आणि हिला 'गॅप का?' विचारतील. यातलं काहीही त्या वजाबाकीत नसतं. आणखी एक गंमत धंद्यातली म्हणून सांगते. जुन्या करपद्धतीत मुलाच्या शाळेची ट्यूशन फी वजावटीत बसते, पाळणाघराची बसत नाही. शाळा म्हणजे गुंतवणूक. आईला कामावर जाता यावं म्हणून भरलेले पैसे म्हणजे ज्याचं त्यानं बघावं. नव्या पद्धतीत दोन्ही नाहीत, तेवढी समानता आली.

"पण आजी असते ना!" असते. पुण्यात निम्म्या आज्या लातूर, सातारा, नागपूरहून पाळीपाळीनं येतात, सहा महिने हिच्याकडची, सहा महिने त्याच्याकडची. ज्या इथल्याच आहेत त्यांतली एक माझी जुनी गिऱ्हाईक, शिक्षिका. सुनेची रजा संपत आली तशी बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सुनेची नोकरी टिकली, याचा सगळ्यांना आनंद. बाईंची गेली हे कुणी मोजलं नाही, कारण त्यांचं 'वय झालंच होतं'. आजोबा त्याच वर्षी निवृत्त होऊन एका सोसायटीचं कामकाज बघायला लागले होते. त्यांना नातवासाठी ते सोडा म्हणणं कुणाच्या मनातही आलं नसावं.

कायद्याकडे वळते, कारण तिथं हिशेबाचा एक जुना घोळ आहे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाच्या काळात आर्थिक मदत द्यावी यावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. ते बोलले त्यात एक मुद्दा होता की याचा बराचसा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा, कारण लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. १९६१ मध्ये देशाचा झाला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पैसे कुणी द्यायचे? ईएसआय या कामगार विमा योजनेच्या कक्षेतल्या, म्हणजे २१,००० रुपयांपर्यंत पगाराच्या बायकांना ते ईएसआय महामंडळ देतं. त्यावरच्यांना मालक देतो, सगळेच्या सगळे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार नेमकं याच्या उलट सांगतो. हा खर्च सामाजिक विम्यातून किंवा सरकारी पैशातून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये, नाहीतर तो बाई घ्यायलाच बिचकेल. भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपचा मालक माझ्यासमोर बसून हेच बोलतो, फक्त करार न वाचता. "मॅडम, मला बायकांबद्दल काही नाही. पण नुकतं लग्न झालेली घेतली तर..." वाक्य तो पूर्ण करत नाही. पुरुष उमेदवाराच्या लग्नाचं त्याला काहीच वाटत नाही. उलट, "लग्न झालंय ना? मग टिकेल."

पाळणाघराचं तसंच. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर बंधनकारक होतं, म्हणजे एकतिसावी बाई घेतली की एक खोली आणि एक आया वाढली. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं शहाणपणानं वेगळा निकष लावला: पन्नास किंवा जास्त कर्मचारी, मग बायका असोत की पुरुष. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की दिवसातून चार वेळा पाळणाघरात जायची मुभा 'बाईला' द्यावी. बाप त्या वाक्यात नाहीच. केंद्र सरकारी नोकराला बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा आहे, खासगी नोकराला कायद्यानं एक दिवसही नाही. स्वीडननं १९७४ मध्येच आई-बाप दोघांची मिळून रजा केली. दोघांची म्हटल्यावर ती आयाच घेत राहिल्या. म्हणून नंतर काही दिवस बापासाठी राखून ठेवले, आता ते नव्वद आहेत: तू घे, नाहीतर बुडाले.

हे सगळं ज्यांना नोकरी सोडायची सोय आहे त्यांचं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई बाळंतपणानंतर दीड महिन्यात कामावर होत्या. चार घरची कामं, एक घर सुटलं की दुसरी बाई तयार. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना केली, रजेचा हक्क मागितला. तरीही बाळंतपणाची रजा आजही घरमालकिणीच्या मर्जीवर असते. ताईंचा रोजगार मुलामुळे गेला नाही. त्यांनी लांबची, जास्त पैशांची घरं सोडली आणि जवळची, कमी पैशांची धरली, मध्ये येऊन पाजता यावं म्हणून. पाहणीत त्या 'काम करणाऱ्या'च धरल्या गेल्या असतील. अंगणवाडी आहे, पण ती काही तास चालते. खिचडी खाऊन मूल घरी येतं तेव्हा ताई तिसऱ्या घरी असतात. मग मोठी मुलगी शाळा बुडवून धाकट्याला बघते. बांधकामांवर 'तारा मोबाईल क्रेशेस'सारख्या संस्था मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवतात. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात तर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर आली तर एका बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, असं स्पष्ट लिहिलं होतं. मातीकाम करणाऱ्या बाईसाठी जे कागदावर तरी सुचलं, ते चकचकीत टॉवर बांधणाऱ्या शहराला सुचायला वेळ लागतोय.

मामेबहिणीचं सांगते, कारण ते अजून चालू आहे. ती नोकरी सोडून घरी होती, वाकडला. मागच्या वर्षी तिला पुन्हा काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात पाळणाघर होतं. त्यानं अर्ज केला तर उत्तर आलं, ही सोय महिला कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे. तो चिवट. मेलवर मेल केले, पन्नास कर्मचारी मोजताना मला मोजलं होतं ना, असं विचारलं. शेवटी जागा मिळाली. आता सकाळी मूल त्याच्या गाडीतून जातं, पहिला फोन त्याला येतो, साडेपाचला तो निघतो. सोसायटीतल्या काकूंना तो फार आवडतो. शाळेच्या ज्या ग्रुपचं नाव 'मॉम्स' होतं, तिथं त्याला सन्मानानं घेतलंय.

यंदाच्या अप्रेझलमध्ये त्याला लिहून आलं की काम उत्तम, पण संध्याकाळच्या कॉल्सना उपलब्धता कमी. बढती पुढच्या वर्षी बघू. फॉर्म सोळा द्यायला आला तेव्हा भडकलेला होता. "ताई, हे मी मुलासाठी करतोय हे त्यांना माहीत आहे. तरी असं लिहितात?" बहीण शेजारी बसून माझ्या टेबलावरच्या पंचिंग मशीनशी खेळणाऱ्या पोराला आवरत होती. "माझ्या अप्रेझलला तुला नवल वाटलं नव्हतं," एवढंच म्हणाली. भांडण झालं नाही. दोघांनी तिथंच बसून आठवडा वाटून घेतला: सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे कॉल, उरलेले त्याचे. पुढच्या जुलैत दोन्ही आकडे माझ्यासमोर येतीलच. अडचण वेगळीच आहे. पुढच्या जूनपासून पोरगा ज्युनिअर केजीत जाणार, आणि त्यांनी निवडलेली शाळा दुपारी साडेबाराला सुटते.